गुळाचं पाणी आणि धंतोलीतल्या पेट्या

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर थोरलीनं मला विचारलं, "आजी, आपल्याकडे हिवाळ्यात मधमाश्यांचं काय करतात?" तिनं तिकडे घरामागे दोन पेट्या ठेवल्या आहेत आणि आता बर्फ पडायला लागेल, म्हणून ती काळजीत होती. मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. शिवाय पुढच्या महिन्यात मी हे घर सोडून तुमच्या काकाकडे राहायला जाणार आहे. सामानाची वाटणी चालू आहे. प्रत्येक वस्तूवर कुणाची ते मी चिठ्ठीवर लिहून चिकटवते आहे. एका वस्तूवर चिठ्ठी लावायची राहिली आहे, आणि ती वस्तू काय आहे हे सांगितल्याशिवाय ती कुणाला देता येणार नाही. म्हणून आता लिहिते.

आधी माणसं सांगते. माझे सासरे म्हणजे तुमचे पणजोबा. शाळेत मास्तर होते, मी लग्न होऊन आले तेव्हा निवृत्त झालेले. सासूबाई काटोलकडच्या, नागपुरात चाळीस वर्षं काढली तरी त्यांची बोली तिकडचीच राहिली. तुमचे आजोबा त्या वर्षी, म्हणजे बेचाळीस साली, रायपूरला नोकरीत होते आणि त्यांना घर मिळेपर्यंत मी धंतोलीत सासरी राहत होते. घरात चौथी होती ती माझी नणंद. मी तिला वन्सं म्हणे. वयानं माझ्याएवढीच. तिचा नवरा लग्नानंतर दोन वर्षांनी तापानं गेला होता.

तिचं सासर वर्ध्याच्या पलीकडे एका खेड्यात होतं. नवरा गेल्यावर तिथल्या लोकांनी तिचे केस काढायचं ठरवलं. न्हावी बोलावलेला होता. माझ्या सासऱ्यांना निरोप पोचला आणि ते मिळेल त्या गाडीनं गेले, अंगणात उभे राहिले आणि म्हणाले की माझ्या मुलीच्या डोक्याला वस्तरा लागला तर मी इथून हलणार नाही. भांडण दिवसभर चाललं. गावानं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. संध्याकाळी ते मुलीला घेऊन निघाले. हे मला सासूबाईंनी सांगितलं. सासरे स्वतः या गोष्टीबद्दल कधी बोलले नाहीत, आणि वन्संही नाही. पण तिच्या लांब वेणीकडे पाहिलं की मला ते अंगण आठवे, जे मी कधी पाहिलंच नव्हतं.

सासऱ्यांचे असे नेम होते आणि ते मोडत नसत. स्वतः कातलेल्या सुताचे कपडे. गिरणीचं पीठ नाही. गिरणीची साखर तर उंबऱ्याच्या आत येत नसे. चहा गुळाचा, शिरा गुळाचा, श्रीखंडसुद्धा गुळाचं; ते कसं लागतं ते विचारू नका. कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानातून आमच्या वाट्याची साखर शेजारी घेऊन जात आणि म्हणत, मास्तर आहेत म्हणून आमचा चहा गोड आहे. सासूबाई मात्र काटोलला भावाकडे गेल्या की आधी साखरेचा चहा मागत आणि परत येताना आम्हांला दटावत, "घरी सांगू नका वं."

पेट्या आल्या त्या सासऱ्यांच्याच खटपटीनं. मुलीनं नुसतं स्वयंपाकघरात बसून राहू नये असं त्यांना वाटे. ग्रामोद्योगाच्या केंद्रात एक मास्तर मधमाश्या पाळायला शिकवत. सासऱ्यांनी त्यांना घरी बोलावलं, वन्संला त्यांच्या हाताखाली घातलं, आणि वर्षभरात आमच्या मागच्या अंगणात शेवग्याखाली पाच सागवानी पेट्या उभ्या राहिल्या. मुंगळे चढू नयेत म्हणून प्रत्येक तिवईचे पाय पाण्यानं भरलेल्या वाट्यांत ठेवलेले. सासूबाईंच्या त्या वाट्या परत स्वयंपाकघरात कधी आल्या नाहीत.

केंद्रातले मास्तर एक इंग्रजी पुस्तक ठेवून गेले होते. वन्संचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत, आणि मी बी.ए.; तेव्हा दुपारी मी वाचून मराठीत सांगत असे आणि ती धान्य निवडत बसलेली ऐके. पुस्तक थंड मुलखातलं होतं. पेटीवर बर्फ साचला तर काय करावं याचं पानभर वर्णन होतं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन. वन्सं म्हणाली, "बर्फाचं राहू द्या वहिनी, अळीचं कुठं लिहिलंय ते वाचा."

अळी म्हणजे मेणातली. एक राखी पतंग रात्री फटीतून शिरतो, अंडी घालतो, आणि अळ्या पोळं पोखरत जातात. मागे जाळं राहतं, कापसासारखं. माश्या भरपूर असल्या तर त्या अळी उचलून बाहेर फेकतात; कमी असल्या तर बघत राहतात. त्या पावसाळ्यात दोन पेट्या अळीनं खाल्ल्या. तिसरीतल्या माश्या एके दिवशी पेटी सोडून उडून गेल्या. आपल्या देशी माश्यांची ती सवय आहे, जागा नकोशी झाली की त्या मरत बसत नाहीत, निघून जातात. दसऱ्याला दोन पेट्या उरल्या. आणि त्याच पावसाळ्यात केंद्रातले मास्तर तुरुंगात गेले. त्या वर्षी पुष्कळ जण गेले.

त्या दोन पेट्यांवर काय अवलंबून होतं ते आता सांगते.

दिवाळीत सासूबाईंचे काटोलचे भाऊ आले. त्यांची संत्र्याची बाग होती. माणूस विनोदी, पण व्यवहार पक्का. वन्संनं त्यांना सांगितलं की फुलोऱ्यात बागेत माश्या ठेवल्या तर फळ जास्त धरतं.

"मामा, दोन पेट्या घेऊन येते. आंबिया बहाराची फुलं संपेपर्यंत तिथंच राहते."

"माश्या माह्या घरातबी लय आहेत," मामा म्हणाले. "त्यांच्यानं तं फळ नाही वाढत."

"त्या गुळावरच्या."

"इथं तं समदंच गुळावरचं आहे," मामांनी सासऱ्यांकडे पाहून म्हटलं, आणि सासरेसुद्धा हसले.

पण मामांनी गोष्ट मनावर घेतली. आसपासच्या बागायतदारांनाही पेट्या हव्या होत्या, बायकांना शिकवणारी बाई मिळाली तर ते तिला ठेवून घ्यायला तयार होते. मामींच्या शेजारची एक खोली रिकामी होती. मामांची अट एकच होती, आणि जाताना चपला घालत त्यांनी ती बोलून दाखवली: "एक पेटी तरी जिती आण वं. बिनमाश्यांची मास्तरीण नेऊन लोकायले काय दाखवू मी?"

दुसरीकडून तिच्या सासरची माणसं तगादा लावत होती. तिची सासू अंथरुणाला खिळली होती. उचलाबशी करायला माणूस हवं होतं, आणि घरची सून माहेरी वेणी घालून बसली आहे हे त्यांना सहन होत नव्हतं. माझ्या सासऱ्यांनी त्यांना कळवलं होतं की संक्रांतीनंतर बघू. मुलीला काटोलला काम लागलं तर ती येणार नाही, नाही लागलं तर मी तिला आजारी माणसापासून अडवून धरणार नाही. हाही त्यांचा एक नेमच होता. एकदा बोललेलं मागे घ्यायचं नाही.

म्हणजे संत्र्याला फूल येईपर्यंत एक पेटी जगायला हवी होती. एवढंच.

आमच्याकडचा हिवाळा तुमच्यासारखा नसतो. उन्हं पडतात, तूर फुललेली असते, माश्या रोज बाहेर जातात. पण त्या मार्गशीर्षात आभाळ आलं ते हटेना. थंडीत पाऊस. तुरीचा फुलोरा झडला. माश्या दारापर्यंत येत आणि परत आत जात. वन्संनं चौकटी उचलून पाहिल्या तर पोळ्यातला मध संपत आलेला. खाऊ घालायला हवं होतं. पावसाळ्यात मास्तर केंद्रातून डब्यात साखर आणत आणि अंगणातच पाक करून देत. सासरे तेवढ्यापुरते पाठ फिरवून वाचत बसत. आता मास्तर नव्हते.

सासऱ्यांनी गुळाची ढेप काढली.

मी तेव्हा दारातच होते. वन्सं म्हणाली, "बाबा, मास्तर सांगून गेलेत, गूळ द्यायचा नाही. पोट बिघडतं त्यांचं."

"मास्तर केंद्रातली साखर देत. आपल्या घरात ती येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं."

"पण माश्यांना सोसत नाही म्हणे."

"उसाचा रसच ना तो? गिरणीत हाडांच्या कोळशावर पांढरा केलेला सोसतो, आणि शेतकऱ्यानं कढईत आटवलेला सोसत नाही? मी इतकी वर्षं खातो आहे. माझं पोट कधी बिघडलं?"

वन्सं करवंटी धुवायला उठली. तुम्ही विचाराल, भांडली का नाही? मीही तेव्हा मनात विचारलं. पण ज्या माणसानं तिच्यासाठी अख्ख्या गावाशी वैर घेतलं, त्याच्याशी गुळावरून वाद घालायला तिची जीभ वळेना. ज्या हट्टानं तिचे केस वाचले, तोच हट्ट समोर ढेप फोडत बसला होता.

आणि त्यांनी ते काम किती मायेनं केलं. उत्तम गूळ, काटोलहून आलेला. पाण्यात विरघळवून स्वतःच्या हातमागाच्या पंच्यातून दोनदा गाळला. कोमट आहे की नाही ते मनगटावर थेंब टाकून पाहिलं, तान्ह्या मुलाच्या दुधाचं बघतात तसं. नारळाच्या करवंटीत ओतून वर काड्या तरंगत ठेवल्या, म्हणजे माश्या बुडणार नाहीत. पेटीत करवंटी ठेवताना ते माश्यांशी काहीतरी पुटपुटत होते.

माश्या प्यायल्या. उपाशी होत्या, पिणारच. आभाळ तसंच होतं, बाहेर पडता येत नव्हतं. मधमाशी निरोगी असली तर पेटीत घाण करत नाही, बाहेर उडाल्यावरच करते. पण गुळातलं जे तिला पचत नाही ते पोटात साचतं, आणि बाहेर जाता आलं नाही की तिचाही इलाज चालत नाही. आभाळ फाटलं त्या सकाळी आम्ही अंगणात गेलो तर दोन्ही पेट्यांच्या पुढच्या फळीवर तपकिरी ओघळ होते. दारासमोर गवतात माश्या चालत होत्या, पोटं फुगलेली, पंख थरथरत, उडता येत नव्हतं. वन्सं उकिडवी बसून त्यांना एकेक करून पानावर घेत होती आणि उन्हात ठेवत होती. त्या उन्हातही मेल्या.

पहिली पेटी त्याच आठवड्यात संपली. दुसरीत ओंजळभर माश्या राहिल्या होत्या, आणि राणी जिवंत होती. सासऱ्यांनी ओघळ पाहिले. ते म्हणाले, थंडी बाधली. त्यांनी पेटीला गोणपाट गुंडाळलं आणि पुन्हा गूळ भिजत घातला. त्या दिवसापासून वन्सं करवंटी त्यांच्या हातून घेई, पेटीपर्यंत नेई आणि शेवग्याच्या मुळाशी ओती. त्यामुळे माश्यांना विष मिळणं थांबलं, पण खाणंही थांबलं.

मग संक्रांत आली. ती माझी पहिली संक्रांत. तुम्हांला ठाऊक आहे, नव्या सुनेला काळं लुगडं नेसवून हलव्याचे दागिने घालतात. साखरेचा काटेरी हलवा दोऱ्यात ओवून, सोनेरी कागदावर शिवून, हार, बांगड्या, बिंदी, कंबरपट्टा. साखरेच्या त्या टंचाईत माझ्या आईनं नागपुरातल्याच महाल भागातल्या घरी महिनोन्महिने चहा सोडून साखर साठवली होती आणि शेगडीपाशी बसून एकेका तिळावर पाक चढवला होता. सासऱ्यांनी दागिन्यांना हरकत घेतली नाही. ते अंगावर घालायचे होते, खायचे नव्हते. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या, मला पाटावर बसवलं, सगळ्यांनी कौतुक केलं. वन्सं अर्थातच तिथं नव्हती. ती मागे अंगणात पेटीजवळ बसली होती. मला खिडकीतून तिची पाठ दिसत होती.

बायका गेल्यावर मी दागिने उतरवून ताटात ठेवले. एरवी ते पोरांना वाटतात. वन्सं आत आली आणि ताटाकडे पाहत उभी राहिली. तिनं मागितलं नाही. विधवेनं नव्या सुनेच्या दागिन्यांना हातही लावायचा नसतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. मीच म्हटलं, "वन्सं, ही पांढरी साखर आहे. तीळ गाळून टाकता येतील."

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्या ताट उचलून नेतील असं मला वाटलं. त्यांनी फळीवरची कात्री घेतली, खाली बसल्या आणि माझ्या हाराचा दोरा कापला.

"काहून उभ्या हात दोघी? बांगड्या सोडा. अन् त्यायले सांगू नका."

आम्ही तिघी ताटाभोवती बसलो आणि दागिने सोडवले. सासूबाई सोनेरी कागदावरून दाणे खरवडत होत्या. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते त्या पुसत नव्हत्या. सगळा हलवा मिळून भांड्याच्या तळाशी आला तेवढाच. पाक करून गाळला, निवला, आणि वन्संनं तो पेटीत ठेवला.

पुढचे काही दिवस मी विसरणार नाही, कारण त्या घरात तेवढेच चांगले गेले. ऊन स्वच्छ पडलं. फळीवर नवे ओघळ आले नाहीत. माश्या थोड्या, पण बाहेर जाऊ लागल्या आणि पायांना पिवळे परागकण लावून परत येऊ लागल्या. जवळच कुणाच्या तरी वाफ्यात मोहरी फुलली असावी. वन्सं स्वयंपाक करताना गुणगुणली. मामांचा निरोप आला की झाडांवर कळी धरली आहे, पेटी बांधा, गाडी पाठवतो. तिनं दोन लुगडी आणि मास्तरांचं ते इंग्रजी पुस्तक ट्रंकेत भरलं. वाचता येत नव्हतं, चित्रांसाठी.

गाडी यायच्या आदल्या दिवशी, जेवणं आटोपताना, मागून आवाज आला. मोठा नव्हता. आम्ही धावलो. माश्या पेटीच्या दारातून बाहेर पडत होत्या, सगळ्या, आणि शेवग्याच्या उंचीवर एक विरळ घोळका फिरत होता. माती उडवली किंवा पाणी शिंपडलं तर थवा जवळ कुठेतरी बसतो, असं मास्तरांनी शिकवलं होतं. वन्संनं पदर खोचला आणि मूठमूठ माती वर फेकू लागली. सासूबाई तांब्यानं पाणी उडवत होत्या, ते त्यांच्याच अंगावर पडत होतं. घोळका एकदा लिंबाच्या झाडाकडे झुकला. मग भिंतीवरून वर चढला आणि रेल्वेच्या रुळांकडे गेला. वन्सं भिंतीपर्यंत धावली. पलीकडे जायला वाट नव्हती.

आम्ही पेटी उघडली. पोळं जागोजागी तपकिरी डागांनी भरलेलं होतं, आणि खालच्या कोपऱ्यात अळीनं जाळं धरलं होतं. इतक्या थोड्या माश्यांना ते घर साफ करणं शक्य नव्हतं. त्यांना ते आमच्याआधी कळलं. करवंटीत माझ्या दागिन्यांचा पाक अजून अर्धा शिल्लक होता.

सासरे बाहेर आले आणि तिवईजवळ बसले. करवंटीत बोट बुडवून त्यांनी जिभेला लावलं. त्या जिभेला गूळ आणि साखर यांतला फरक लगेच कळणार होता.

"साखर?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा," वन्सं म्हणाली.

"केव्हापासून?"

"संक्रांतीपासून."

त्यांनी बोट पंच्याला पुसलं. मग म्हणाले, "आधी द्यायला हवी होती."

एवढंच ते बोलले. चुकलो म्हणाले नाहीत, आणि त्यांनी शब्दही बदलला नाही. मामांना निरोप गेला की पेटी नाही. मामांनी भाचीला नुसतं राहायला बोलावलं, चार दिवस ये म्हणाले. पण चार दिवसांनी परत यावंच लागणार होतं. महिन्याच्या आत वन्संचा दीर न्यायला आला. ओसरीवर टेकलासुद्धा नाही. "वहिनी, चाला. गाडीले वेळ होते," म्हणाला. ती तयार होती. जायच्या आधी तिनं ती पेटी सोड्याच्या उकळत्या पाण्यानं धुऊन, चौकटी काढून, उन्हात वाळवून ठेवली होती. मी तिला म्हटलं, तिकडे रानात मोहोळं असतील, पेटी घेऊन जा. ती म्हणाली, "मोहोळं असतील वहिनी. पण पेटी ठेवायला अंगण कुणाचं?"

सासऱ्यांनी तिला स्टेशनवर पोचवलं. ते पुढे बारा-तेरा वर्षं जगले आणि शेवटपर्यंत गूळच खात राहिले.

वन्संनं सासू गेल्यावर दिराची मुलं वाढवली, मग त्यांची मुलं. माझ्या बाळंतपणांना ती आली. तुमच्या वडिलांना तिनं न्हाऊ घातलं आहे. डोक्यावरून पदर असायचा. पदराखाली केस नव्हते. तिच्याशी त्याबद्दल मी बोलले नाही, सासरे बोलले नाहीत, आणि सासूबाई ती आली की दुसऱ्या खोलीत जाऊन बसत. एकदा आम्ही दोघी सीताबर्डीहून परत येत होतो. एका जुन्या पिंपळावर मोठं पोळं लागलं होतं. मी थांबले. ती थांबली नाही. तुमच्या वडिलांचं लग्न व्हायच्या आधी ती त्याच खेड्यात वारली.

तर थोरले, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: पांढरी साखर, स्वच्छ पाण्यात, थंडी पडायच्या आधी. गूळ कधीही नाही. बाकी तुझ्या पुस्तकात असेलच.

मामांच्या बागेत आता घरं झाली आहेत. धंतोलीचा शेवगा मोडला, लिंबू वाळलं. इंग्रजी पुस्तक वन्संच्या ट्रंकेबरोबर गेलं, ते परत आलं नाही. शेवटच्या दोन पेट्यांपैकी एक सासूबाईंनी चुलीत घातली. दुसरी माझ्या खोलीत खिडकीखाली आहे, चिठ्ठी लावायची राहिलेली ती हीच. सागवान चांगलं आहे, झाकण घट्ट बसतं, आत मी लोकर ठेवते. पुढच्या फळीवरचे ओघळ सोड्यानं गेले नाहीत. ते अजून दिसतात.